आंबणं संपायच्या आत

पिंपावरच्या नळीतून दर चाळीस सेकंदांनी एक बुडबुडा सुटत होता. वाइन अजून आंबत होती. आता बुचं मारली, तर आठवड्याभरात बाटल्या गिऱ्हाइकांच्या घरी फुटतील, हे वृंदाला तीन दिवसांपासून ठाऊक होतं. नवरा नजर चुकवत म्हणाला होता, "अण्णांना तूच सांग."

दारूच्या दुकानदारांना वाइन बनवू देणारा कायदा झाल्यावर गावातला पहिला परवाना अण्णांनी, तिच्या सासऱ्यांनी, मिळवला होता. आज पहिल्या बाटल्या भरायच्या होत्या; फीत कापायला आमदार निघाले होते.

"सूनबाई, कर सही तपासणीच्या कागदावर," अण्णा हसले. "रसायनशास्त्राची पदवी काय भिंतीवर टांगायला घेतलीस?"

अकरा वर्षांत तिने त्यांना कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं.

"अण्णा, आज बाटल्या भरायच्या नाहीत."