थोरल्या दिराचं नाव

नारिन शहराच्या कोर्टात बुरुल आपल्या बापाच्या खुनाची साक्ष देत होती. "मोठ्या दिरांनीच मारलं. मी पाहिलं." तिनं आरोपीकडे बोट केलं. आरोपीचा वकील हसला. "बोट काय, कुणीही दाखवतं! पोलिसांना दिलेल्या जबाबातही नाव नाही. खरंच पाहिलंत, तर नाव घ्या की." सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं कधी घ्यायचं नसतं, वकिलालाही ते ठाऊक होतं. न्यायाधीश म्हणाल्या, "नाव घ्या, बाई. नाहीतर साक्ष धरता येणार नाही." समोरच्या बाकावर सासू होती, मांडीवर बुरुलचा तान्हा मुलगा. तिनं मान हलवली, नको म्हणून. लग्नात सासूनंच बांधलेला पांढरा रुमाल बुरुलनं डोक्यावरून सोडला, घडी घालून कठड्यावर ठेवला. "जानिशनं मारलं," ती म्हणाली. वकील खाली बसला. सासू मात्र उठली. बाळाला शालीत घट्ट गुंडाळत म्हणाली, "चल, राजा. आपण आपल्या घरी जाऊ."