घोषणा

हॉटेलच्या खोलीत चादर बदलणाऱ्या बाईला पाहुणा परवाचा मोर्चा रंगवून सांगत होता. "तोंडाला रुमाल बांधलेली एक पोरगी. पोलीस फरफटत गाडीत कोंबताहेत, तरी माझ्या गॅलरीकडे बघून घोषणा देतेय! काय जिगर! मीही हात हलवून दाद दिली."

बाईचे हात थांबले. "व्हिडिओ काढलात?"

"काढला होता. काल पुसून टाकला. विमानतळावर नसती कटकट नको."

"साहेब, ती घोषणा नव्हती. इथं उचललेलं माणूस स्वतःचं नाव ओरडतं, बघणाऱ्यानं घरी कळवावं म्हणून." तिनं उशी पोटाशी धरली. "माझी लेक परवापासून घरी आली नाही. काय ओरडली ती? आठवा ना!"

पाहुण्यानं डोळे गच्च मिटले. ओरडताना आत-बाहेर होणारा रुमाल दिसला, आपला हलणारा हात दिसला. आवाज मात्र काही केल्या ऐकू येईना.