सरदारचा एक्स-रे

मिरजेच्या दवाखान्यात बाकांवर माणसं आणि बाकांखाली कुत्री बसलेली असत. त्याचं आता कुणालाच नवल वाटत नसे.

अकरावीतल्या स्वरूपाच्या मांडीच्या हाडात कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरांनी अगदी तशीच गाठ असलेला कुत्रा शोधून काढला. लातूरकडचा, कारवानी जातीचा, उंच आणि सडपातळ, नाव सरदार. प्रत्येक औषध आधी सरदारला दिलं जाई आणि त्याला लागू पडलं तरच स्वरूपाला. तो बरा, तर तीही बरी होणार होती.

आज सरदारचा शेवटचा एक्स-रे होता. तो आत गेल्यापासून स्वरूपा त्या दाराकडेच बघत बसली होती.

"चाचा, गाठ परत आली असेल तर?" तिने सरदारच्या मालकांना, जैनूचाचांना विचारलं.

"बेटा, सकाळी त्यानं मला कालव्यापर्यंत फरफटत नेलं. दुखऱ्या पायाचं काम आहे का हे?"

तेवढ्यात सरदारला बाहेर आणत डॉक्टर शिंत्रेबाई दारातूनच ओरडल्या, "हाड एकदम स्वच्छ!"

सगळ्या बाकांवरून टाळ्या पडल्या आणि सगळी कुत्री एका सुरात भुंकू लागली. डोळे पुसत चाचांनी सरदारची साखळी स्वरूपाच्या हातात दिली. "घे, तूच ने त्याला बाहेर."

कितीतरी महिने स्वरूपा आपल्या आजारी पायावर भार द्यायला घाबरत होती. तिने कुबडी भिंतीला टेकवली आणि पाय खाली ठेवला. सरदारने हिसका दिला.

"हळू, अगं हळू!" स्वरूपाची आई मागून ओरडत होती, पण हसू काही तिला आवरत नव्हतं.