अडखळणारा धोटा

“चित्र अडखळतंय,” दौलतराव म्हणाले.

विनीतने वळून पाहिलं. नवा फोर-के मॉनिटर त्याने फणसवाडीच्या खोलीत नुकताच आईच्या शिलाई मशीनवर मांडला होता. त्याने भिवंडीत स्वतः टिपलेला माग त्यावर धडधडत होता.

“बाबा, नवाकोरा आहे.”

“असू दे. धोटा मधेच उड्या मारतोय.”

विनीतने सेटिंग उघडलं आणि थबकला. तीस हर्ट्झ.

“केबल जुनी लागली. एवढं मोठं चित्र तिच्यातून सेकंदाला तीसदाच जातंय. साठदा जायला हवं.” त्याने बॅगेतली नवी केबल जोडली. “आता?”

दौलतराव जरा थांबले. “आता सुरळीत.”

विनीतला बरं वाटलं. गेल्या महिन्यात बाबा जिन्यात पडले होते. नजर गेली असेल तर खोली बंद करून दोघांना वडाळ्याला आपल्या घरी नेणार, असं त्याने बजावलं होतं. ते ऐकून दौलतराव दोन दिवस जेवले नव्हते.

रखमाबाई नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या होत्या.

“आई, सोड की हात. पळून नाही जात ते.”

“भरवसा नाही रे. गिरणीत बायका काय कमी होत्या!”

दौलतराव हसले. “साच्यांच्या गडगडाटात शब्द ऐकू येतो कुणाला? ही कांड्या घेऊन यायची नि माझ्या तळहातावर बोटं टेकवून सांगायची, सूत कुठल्या रंगाचं, धागा कुठे तुटला. लग्नसुद्धा तसंच ठरलं.”

“बरं बाबा, शेवटचं विचारतो. त्या मागावरच्या लुगड्याची किनार कुठल्या रंगाची?”

“हिरवी. आणि डावीकडे एक धागा तुटलाय.”

विनीतने पडद्याला नाक लावलं. धागा खरंच तुटला होता.

“मलाही दिसला नव्हता,” तो खजील होऊन म्हणाला. “राहा इथेच. वडाळ्याचं नाव काढणार नाही.”

त्याची पावलं जिना उतरून गेली. रखमाबाईंनी दार लावलं.

“हिरव्याला दोन बोटं की तीन, क्षणभर गडबडलोच,” दौलतराव म्हणाले. “केवढा आहे गं हा पडदा?”

रखमाबाईंनी त्यांना उठवलं, मशीनपाशी नेलं आणि त्यांचा हात धरून पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला.