हद्दीची मोजणी

“हरकत कसली लिहू?” बांधकाम परवानगीच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

गवंडी तिथेच अडला. हरकत होती, दोन आठवडे छातीत जळत होती. पण तिला नाव काय द्यायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. शेजारच्या मोकळ्या जागेत धाकटा भाऊ दुमजली घर बांधणार होता. तशी नोटीस फाटकावर लागली होती. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. आज चौदावा दिवस.

हा धाकटा एके काळी त्याच्याच हाताखाली घमेली वाहायचा. विटेवर वीट सरळ बसवता येईना म्हणून पंप दुरुस्तीत शिरला. आता त्याचं दुकान होतं, हाताखाली दोन माणसं होती, आणि घराचा नकाशा इंजिनिअरनं काढला होता. घरात गवंडी असताना! अर्ध्या शहराच्या भिंती ज्याच्या ओळंब्यानं उभ्या राहिल्या, त्याला नकाशा साधा दाखवलासुद्धा नाही. त्यात बायको रोज भांडी घासताना म्हणायची, “भाऊजींच्या घराला वर गॅलरी आहे म्हणे.” तेवढा एक शब्द गवंड्याच्या घशाखाली उतरत नव्हता. त्याचं स्वतःचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ऐन पंचविशीत स्वतःच्या हातानं बांधलेलं.

“नकाशा बघू,” तो म्हणाला.

अक्षरांशी त्याचं जमत नसलं तरी रेघा आणि आकडे त्याला पाठ होते. धाकट्याच्या खोल्या अरुंद निघाल्या. गवंड्याच्या बाजूला भला मोठा पट्टा मोकळा सोडला होता. नियमाला हद्दीपासून तीन फूट पुरतात. यानं साडेचार सोडले होते. काय ती ऐट! जागा उतू चालली आहे हे दाखवायला नको?

“लिहा,” गवंडी म्हणाला. “हद्दीची मोजणी झाल्याशिवाय परवानगी देऊ नये.”

मोजणीला पाच-सहा महिने सहज जातात, हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं.

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. “मोजणी दोन्ही बाजूंची होते हं, मिस्त्री.”

“होऊ द्या की. माझी दोरी आजवर सूतभर हललेली नाही.”

संध्याकाळी धाकटा आला. आत न येता पायरीवरच उभा राहिला.

“दादा, मोजणीचं तेवढं मागे घे. गॅलरी नको असेल तर गॅलरी काढतो. वर एकच खोली बांधतो, मग तर झालं?”

“का रे? मोजणीला घाबरलास?”

धाकट्यानं आत नजर टाकली. स्वयंपाकघरात वहिनी पीठ चाळत होती.

“घाबरलो समज,” तो म्हणाला.

त्या दिवशी गवंडी दोन घास जास्त जेवला. कुठे तरी लबाडी आहे, आता ती उघडी पडणार, एवढ्यानंच त्याला हलकं वाटलं. पुढचे पाच महिने धाकट्याच्या विटांचा ढीग तसाच पडून राहिला. येता-जाता गवंडी त्याकडे बघायचा आणि मिशीत हसायचा.

मोजणीदार आला तेव्हा गवंडी हाताची घडी घालून, मुद्दाम धाकट्याच्या जागेत उभा राहिला. मोजणीदारानं रस्त्याच्या कोपऱ्यावरचा सरकारी दगड धरला, टेप ओढली, कागद पाहिला, पुन्हा टेप ओढली. मोकळा पट्टा ओलांडून तो गवंड्याच्या भिंतीपाशी येऊन थांबला.

“आत जावं लागेल,” तो म्हणाला.

फरशीत खुंटी ठोकता येईना. त्यानं शेगडी आणि मोरीच्या मध्ये लाल खडूनं रेघ मारली. “हद्द इथं आहे. तुमची भिंत दीड फूट पलीकडे गेलीय.”

गवंडी रेघेकडे बघत राहिला. घर बांधलं तेव्हा वडिलांनी नुसता हात करून दाखवलं होतं, इथपर्यंत तुझं. त्यानं तिथे दोरी लावली. वाटणीपत्र दोन वर्षांनी झालं. त्यात नेमकं निम्मं निम्मं लिहिलं होतं. त्यानं अंगठा दिला आणि कागद ट्रंकेत टाकला. भिंत तर केव्हाच उभी होती. कागद कोण वाचतो?

“आता दोनच वाटा,” मोजणीदार म्हणाला. “भिंत पाडा, नाहीतर भावानं एवढी जागा तुम्हाला लिहून द्यावी.” मग तो धाकट्याकडे वळला. “साडेचार फूट का सोडले होते, ते आत्ता कळलं. तीन नियमाचे, दीड या भिंतीचे. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!”

“इंजिनिअरनं वाटणीपत्र मागितलं, तेव्हा वाचलं,” धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. “म्हणून तर नकाशा दादाला दाखवला नाही. तुझी दोरी चुकली, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगू?”

मग तो मोजणीदाराकडे वळला.

“कागद द्या साहेब. जागा दादाच्या नावानं लिहून देतो. वहिनीचं स्वयंपाकघर मोडायला नको.”

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्यानं पेन काढलं. तेवढ्यात गवंड्यानं त्याचं मनगट धरलं.

“लिहू नकोस. भिंत मी पाडतो.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” बायको ओरडली. “ते आपणहून देतायत ना?”

गवंडी उत्तर न देता हातोडा शोधायला गेला. शेजारी दोन मजले त्यानं एक वेळ सोसले असते. पण इतकं मोठं मन शेजारी घेऊन राहणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं.