चंद्री मागं राहिली

"आज वार कुठला?" डॉक्टरांनी विचारलं.

"शुक्रवार. रातच्याला अंबाबाईची पालखी," यल्लाप्पा गवळी चंद्री म्हशीची धार न मोडता म्हणाला.

"पंतप्रधान कोण आहे?"

"बाईच हाय की अजून. का, बदलली व्हय?"

गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर हशा पिकला. यल्लाप्पानं फेसाळ दुधाचा पेला डॉक्टरांच्या हातात दिला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून द्यायची, हा इथला रिवाज. सत्तरी आली तरी यल्लाप्पाच्या हाताला तोड नव्हती. डॉक्टर रोज संध्याकाळी इथंच दूध प्यायचे. म्हणूनच त्याच्या सुनेनं, शालूनं, त्यांना आज गळ घातली होती. मामंजींचं काहीतरी बिघडलंय, तेवढं बघा.

"तब्येत ठणठणीत आहे," डॉक्टर ओठांवरचा फेस पुसत म्हणाले.

शालूचा नवरा भाऊसो मोठ्यानं हसला. कोल्हापुरात हसायचं ते मोठ्यानंच. "बघ. माझ्या बापाला खुळं ठरवाय निघालीयास. म्हस विकू नये म्हणून सगळं नाटक."

उद्या सकाळी मुरगूडचा व्यापारी चंद्रीला न्यायला येणार होता. भाऊसोच्या मनात वाईट काही नव्हतं. बापानं जन्मभर शेण काढलं, आता खाटेवर बसून चहा प्यावा, एवढंच त्याचं म्हणणं. शालू मात्र अडून बसली होती. परवा मामंजी एकटेच दाढी करायला गेले आणि न्हाव्यानं त्यांना घरी आणून सोडलं. गप्पांत रमले असतील, असं म्हणून भाऊसोनं विषय मिटवला होता.

शालूनं मिटू दिला नाही. ती डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर, नुसतं इचारू नगा. चंद्रीला हितंच ऱ्हाऊ दे. मामंजींना एकलं घरला लावून द्या."

"घर काय लांब हाय?" भाऊसो म्हणाला. "तिकटीवरनं डावीकडं. आंधळा बी जाईल."

"मग जाऊ देत की."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. तोंडानं उत्तरं देणं वेगळं आणि रोजचा दिवस काढणं वेगळं, हे त्यांना पटलं. "यल्लाप्पा, तुम्ही व्हा पुढं. चंद्रीला आणतोय आम्ही."

यल्लाप्पानं हात धुतले, फेटा सारखा केला आणि तो ऐटीत निघाला. थोडं अंतर ठेवून तिघं मागून चालले. भाऊसोच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

तीन रस्ते फुटतात त्या तिकटीवर यल्लाप्पा थांबला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग इथंच यायचं होतं असं दाखवत तो सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसला.

भाऊसो पुढं झाला. "तात्या, बसलायसा का? चला की घरला."

"चंद्री येऊ दे."

"ती येईल मागनं. घर कुठल्या अंगाला, सांगा बघू."

यल्लाप्पानं पोराकडं बघितलं. बापाच्या डोळ्यांत भाऊसोनं राग पुष्कळदा पाहिला होता, भीती पहिल्यांदा पाहिली.

"चंद्री येऊ दे की रं," म्हातारा हळूच म्हणाला. "तिला म्हाईत हाय."

शालू केव्हाच कट्ट्याकडं पळाली होती. तिनं सोडलेली चंद्री गर्दीतून सावकाश आली आणि कुणाकडं न बघता डावीकडं वळली. यल्लाप्पा उठला. तिच्या पाठीवर हात टाकून चालू लागला. चालीतली ऐट परत आली.

दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत शिंगं रंगवलेली चंद्री यल्लाप्पाच्या एका हाकेवर कशी त्याच्या मागं पळते, हे सगळी पेठ कौतुकानं सांगायची. आज ती पुढं होती. भाऊसो त्या दोघांकडं बघत राहिला.

"औषध?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"आन् मुरगूडच्या व्यापाऱ्याला काय सांगायचं?" शालूनं धापा टाकत विचारलं.

"म्हस मिळायची न्हाय म्हणावं." भाऊसोनं डोळे पुसले आणि तो झपाझप निघाला. "चंद्री बी कवातरी थकणार. तात्यांच्या फुडं कसं चालायचं, ते तवर तिच्याकडनं शिकून घेतो."