पाणी पिवळं होईपर्यंत

बारा टक्के.

"वहिनी, नऊच नोंदी काढायच्या आहेत. बाकीची अकरा वर्षं आहेत तशी राहतील," दीर म्हणाला.

तिने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तिच्या ब्लॉगवरच्या चार हजार छत्तीस नोंदी तो सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रावरून घरी उतरत होत्या. पट्टीच्या वर कंपनीचं पत्र उघडं होतं. पाणीपुरवठा कार्यालयाची तक्रार आली आहे. शेवटच्या नऊ नोंदी आज पाच वाजेपर्यंत काढाव्यात, नाहीतर खातं बंद.

सव्वाचार झाले होते.

एकवीस टक्के.

नोंद म्हणजे एक फोटो. रोज सकाळी सातला नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, तपासणीचे थेंब टाकायचे आणि नळी ओट्यामागच्या त्याच पांढऱ्या टाइलसमोर धरायची. पाण्यात क्लोरीन असलं की ते पिवळं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला यापेक्षा अवघड गोष्टी येत होत्या. फोटो चढला की सगळी वस्ती तो बघायची आणि आज पाणी उकळायचं की नाही ते ठरवायची.

गेले नऊ दिवस नळीला रंग आला नव्हता.

"औषध रोज पडतंय," दीर म्हणाला. "मी पाणीपुरवठ्यातच काम करतो ना? रोजची हजेरी माझ्याकडे असते."

"माणसांची. औषधाची हजेरी कोण घेतं?"

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, वहिनी."

"आधी त्या माशाला विचारा, तो हे पाणी पितो का."

सत्तेचाळीस.

त्याचा फोन टेबलावर थरथरला. दोघांनीही तिकडे पाहिलं. ब्लॉगचं नाव, म्हणजे लोक टाकतात तो पत्ता, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या नंबरवर नोंदलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच सगळं लावून दिलं होतं. घरचाच माणूस, कागद कशाला बदलायचे, असं तेव्हा वाटलं होतं. आता ते नाव दुसरीकडे वळवायचं, तर सहा आकड्यांचा कोड त्याच्याच फोनवर येणार होता. तो आला होता.

"कोड सांगा, भाऊजी."

त्याने फोन उपडा ठेवला.

"माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची."

"मग नका सांगू."

त्रेसष्ट.

ती उठली आणि नळाखाली ग्लास भरून त्याच्यासमोर ठेवला. "घ्या. बोलून बोलून घसा सुकला असेल."

त्याने ग्लास ओठांपर्यंत नेला.

"उकळलंय ना?"

विचारलं आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. ग्लास टेबलावर परत ठेवताना थोडं पाणी सांडलं.

त्याच ग्लासातलं पाणी तिने नळीत ओतलं आणि थेंब टाकले. नळी पांढऱ्या टाइलसमोर धरली. दोघं बघत राहिले. पाणी जसं होतं तसंच होतं. तिने फोटो काढला.

नव्व्याण्णव. इथे नेहमीच वेळ लागतो.

शंभर.

पाचला सात मिनिटं कमी होती. फ्रिजवर झाकण तुटलेला जुना लॅपटॉप होता, शेजारी बॅटरीचा डबा. तिने उतरवलेलं सगळं आणि आत्ताचा फोटो त्याच्यात घातला.

"हा चालवणार ब्लॉग?" दिराला हसू आलं. "लाइट गेली की संपलं."

"पाणीसुद्धा जातं. आपण भांडी भरून ठेवतोच ना?"

"आणि पत्ता? नाव तर माझ्याकडे आहे."

"ठेवा तुमच्याकडे. आपल्या घरच्या इंटरनेटला कायमचा आकडा मागून घेतलाय मी. चार तुकडे, मधे टिंबं. नावाशिवाय उघडतं."

"लोक आकडे लक्षात ठेवणार?"

पाच वाजले. त्याने फोन सरळ केला आणि जुन्या नावाने ब्लॉग उघडून पाहिला. हे पान उपलब्ध नाही. मग तिच्याकडे न बघता, तिने टेबलावर लिहून ठेवलेल्या कागदावरून एकेक अंक बघत तो आकडा टाकला.

पान उघडलं. त्या नऊ नोंदीही होत्या, काहीच गाळलं नव्हतं. सगळ्यांच्या वर चार हजार सदतिसावी नोंद होती. पांढरी टाइल, बिनरंगाची नळी. खाली एक ओळ: हे पाणी पिण्यासाठी दिलं होतं, पिणाऱ्याने परत ठेवलं.

"माझं नाव नाही घातलंत," तो म्हणाला.

"नोंद पाण्याची आहे."

त्याने मान वर केली तेव्हा ती खोलीत नव्हती. तो चपला घालून बाहेर आला. फाटकाशेजारच्या भिंतीवर ती लाल तैलरंगाने आकडा लिहीत होती. अंक वीतभर उंच होते. तिसऱ्या टिंबाचा ओघळ खाली आला होता. रस्त्यावरून जाणारी एक बाई पिशवी खाली ठेवून फोनमध्ये काहीतरी टाकत होती.

"वहिनी, उद्या सकाळी येऊन चुना फासतील त्याच्यावर."

तिने रंगाचा डबा उचलला आणि त्याच्या कानाशी नेऊन हलवला. आत अजून बराच रंग डचमळला.